एका पेनीचें सामर्थ्य
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं एखाद्या संताचें चरित्र सांगावें, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु आज आम्हीं एका वकिलाचें चरित्र निवडलें आहे. ते संत नव्हते. पण आयर्लंडांतील कॅथलिकांना पार्लमेंटाचें दार त्यांनीं उघडून दिलें, आणि तेंही शस्त्र न उचलतां. त्यांचें नांव डॅनियल ओकॉनेल.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजीं आयर्लंडांतील केरी परगण्यांत झाला. तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक असूनही राज्यकारभारांत तिला स्थान नव्हतें. शिक्षणासाठीं ते फ्रान्सांत गेले. परंतु राज्यक्रांतीच्या धुमाळींत, १७९३ सालीं, त्यांना तो देश घाईनें सोडावा लागला. तेव्हांपासून रक्तपाताचा त्यांना तिटकारा बसला. तरीही १८१५ सालीं, खोट्या मानापमानाच्या कल्पनेस बळी पडून, ते द्वंद्वयुद्धास उभे राहिले, आणि त्यांच्या गोळीनें डेस्टेर नांवाचे गृहस्थ मरण पावले. त्याचा पश्चात्ताप त्यांना जन्मभर पुरला. मृताच्या मुलीस त्यांनीं अखेरपर्यंत वर्षासन दिलें. आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यास जातांना ते उजव्या हातांत हातमोजा घालीत, असें सांगतात.

१८२३ सालीं त्यांनीं ‘कॅथलिक असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. आरंभीं ती सुखवस्तु लोकांचीच होती. पुढील वर्षीं त्यांनीं एक साधी योजना मांडली: महिन्यास एक पेनी देईल तो सहसभासद. धर्मगुरूंच्या साह्यानें, गांवोगांवीं, देवळांच्या दारांशीं ही वर्गणी गोळा होऊं लागली. पेनी म्हणजे तें केवढें नाणें! पण पेनी देणारा शेतकरी त्या दिवसापासून आपणांस त्या कार्याचा भागीदार समजूं लागला.

त्याचें फळ १८२८ च्या जुलैंत क्लेअर परगण्याच्या निवडणुकींत दिसलें. कॅथलिकास निवडणुकीस उभें राहण्याची बंदी नव्हती. अडचण होती ती पार्लमेंटांत बसण्याची, कारण तेथील शपथेंत कॅथलिक श्रद्धेचा इन्कार होता. हें हेरून ओकॉनेल उभे राहिले. मतदान उघड असे. जमीनदाराविरुद्ध मत देणाऱ्या कुळास घरादारास मुकण्याचें भय होतें. तरीही वर्षाकांठीं चाळीस शिलिंग मोलाच्या जमिनीवर मताधिकार मिळालेलीं तीं गरीब कुळें आपल्या धर्मगुरूंमागून शिस्तीनें एनिस गांवीं आलीं, आणि २०५७ विरुद्ध ९८२ मतांनीं ओकॉनेल निवडून आले. यादवीच्या भीतीनें वेलिंग्टनच्या सरकारनें माघार घेतली, व १३ एप्रिल १८२९ रोजीं कॅथलिकांच्या बंधमुक्तीचा कायदा मंजूर झाला.

परंतु तो कायदा पुढें निवडून येणाऱ्यांसच लागू होता. १५ मे १८२९ रोजीं कॉमन्स सभेंत ओकॉनेलांपुढें जुनीच शपथ ठेवण्यांत आली. त्यांनीं ती नाकारली. पुढें पुन्हां विचारलें असतां, तिच्यांतील एक विधान खोटें असल्याचें आपणांस ठाऊक आहे व दुसरें आपण खरें मानीत नाहीं, असें सांगून ते नकारावर ठाम राहिले. ते क्लेअरला परतले, बिनविरोध निवडून आले, आणि १८३० सालीं सन्मानानें सभेंत बसले.

बंधुभगिनींनो, गोष्ट येथेंच संपविली तर ती कानांस गोड लागेल. पण ज्या दिवशीं तो कायदा मंजूर झाला, त्याच दिवशीं दुसऱ्या कायद्यानें मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. ज्यांनीं घरादाराची पर्वा न करतां मत दिलें, त्यांचेंच मत हिरावलें गेलें! ओकॉनेलांनीं निषेध केला खरा. पण अशाच सौद्यास १८२५ सालीं त्यांनीं स्वतः संमति दिली होती. थोरांच्या चरित्रांतील डाग झांकणें म्हणजे त्यांचा सन्मान करणें नव्हे.

पुढें सुमारें सतरा वर्षें ते पार्लमेंटांत होते. गुलामगिरीच्या नाशासाठीं व यहुदी लोकांच्या हक्कांसाठीं त्यांनीं आवाज उठविला. १८४३ सालीं क्लॉन्टार्फची विराट सभा सरकारनें मना केली, तेव्हां गोरगरिबांचे प्राण जाऊं नयेत म्हणून त्यांनीं ती रद्द केली आणि अनुयायांचा रोष पत्करला. १८४७ च्या फेब्रुवारींत, देश दुष्काळानें मरत असतां, त्यांनीं क्षीण स्वरानें कॉमन्स सभेपुढें आपल्या लोकांसाठीं पदर पसरला. तें त्यांचें तेथील शेवटचें भाषण. रोमच्या वाटेवर, जिनोआ येथें, १५ मे १८४७ रोजीं, शपथ नाकारल्यास बरोबर अठरा वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं देह ठेवला. त्यांचें हृदय रोमला गेलें. शरीर डब्लिनला परत आलें.

आपलें हें देऊळही लहान लहान वर्गण्यांनींच उभें राहिलें आहे. मोठ्या देणग्यांची नोंद राहते, आणि ती राहावी. परंतु प्रभु येशूनें आपल्या शिष्यांचें लक्ष वेधलें तें विधवेच्या दोन दमड्यांकडे. म्हणून ज्युबिलीच्या दिवशीं आपण प्रत्येकानें, आणि सर्वांआधीं आम्हीं धर्मगुरूंनीं, स्वतःस विचारावें: ज्यांच्या पेनीनें हें दार उघडलें, ते आज दाराच्या आंत आहेत, कीं बाहेर राहिले? त्यांना हात धरून आंत आणण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.