पायथन भाषेतील संकेतस्थळांच्या चौकटी
(व्याख्यान)

कचेरीत अर्ज आला की तो आवक बारनिशीत नोंदला जातो, विषयानुसार संबंधित कार्यासनाकडे जातो, जुने कागद तपासले जातात, ठरलेल्या नमुन्यात उत्तर तयार होते आणि जावक क्रमांक पडून ते अर्जदाराकडे रवाना होते. संकेतस्थळाचे कामही याच धर्तीवर चालते. वाचकाच्या ब्राउझरकडून मागणी येते. तिच्या पत्त्यावरून ती कोणत्या आज्ञावलीकडे पाठवावयाची हे ठरते. माहितीसंग्रहातून नोंदी काढल्या जातात. त्या पानाच्या साच्यात बसवून उत्तर परत जाते. हा क्रम प्रत्येक संकेतस्थळासाठी नव्याने रचणे म्हणजे प्रत्येक अर्जासाठी नवी कचेरी उघडण्यासारखे होय. म्हणून एकदा नीट रचून ठेवलेली व्यवस्था सर्वांनी वापरावी, असा मार्ग निघाला. या व्यवस्थेला ‘चौकट’ किंवा ‘फ्रेमवर्क’ म्हणतात.

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती संकेतस्थळांसाठी म्हणून निर्माण झालेली नाही. गणित, विज्ञान, हिशेब अशा कोणत्याही कामास ती चालते, आणि वाचावयास सुबोध असल्याने तिचा प्रसार झाला. तिच्यातील तीन चौकटींचा येथे विचार करावयाचा आहे.

जँगो

जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. तेथे एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली या कामास प्रारंभ केला. बातमीदारीत वेळ मोजका असतो; तेव्हा नित्याची कामे आधीच तयार असावीत, ही गरज होती. २००५ साली ही चौकट सर्वांसाठी खुली झाली. जँगो रेनहार्ट या गिटारवादकाचे नाव तिला देण्यात आले. नोंदींचा तपशील एकदा सांगितला की त्या भरण्याची व दुरुस्त करण्याची व्यवस्थापकीय पाने जँगो आपोआप तयार करते. पाने अनेक भाषांत दाखविण्याची सोय तिच्यात असून त्या भाषांत मराठीचाही समावेश आहे.

फ्लास्क

फ्लास्कची वाट वेगळी आहे. आर्मिन रोनाखर यांनी १ एप्रिल २०१० रोजी थट्टेखातर सादर केलेल्या एका छोट्या रचनेतून ही चौकट पुढे आली. पत्त्यांची वाटणी आणि पानांचे साचे एवढेच ती पुरविते. माहितीसंग्रह कोणता घ्यावा, सदस्यांची ओळख कशी पटवावी, हे रचनाकाराने ठरवावयाचे. लहान कामास ती सोयीची आहे. मात्र मोठ्या कामात या स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही वाढते.

स्ट्रीमलिट

२०१९ साली खुली झालेली स्ट्रीमलिट आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे. केवळ पायथनच्या काही ओळींत तक्ते, आलेख व निवडीची बटणे दाखविता येतात. पाहणाऱ्याने एखादी निवड बदलली की सामान्यतः संपूर्ण आज्ञावली पुन्हा वरपासून चालते. त्यामुळे शाळेतील पर्जन्यमापनाचा आलेख दाखविण्यास ती उत्तम. हजारो नागरिकांचे अर्ज स्वीकारण्याचा भार तिच्यावर टाकू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न

चौकटीचे खरे महत्त्व सुरक्षिततेत आहे. नावाच्या रकान्यात एखाद्याने नावाऐवजी माहितीसंग्रहास उद्देशून आज्ञाच लिहिली, आणि आज्ञावलीने ती जशीच्या तशी पुढे जोडली, तर गावच्या साऱ्या नोंदी उघड्या पडू शकतात अथवा पुसल्या जाऊ शकतात. जँगोमधील नेहमीच्या पद्धतीत रकान्यातील मजकूर आज्ञेपासून अलग ठेवला जातो. पासवर्ड मूळ रूपात साठविला जात नाही. प्रत्येक अर्जासोबत गुप्त खूण जाते. ती नसल्यास अर्ज नाकारला जातो. फ्लास्कमध्ये यांपैकी बरीचशी तजवीज रचनाकारास स्वतः करावी लागते.

मात्र कोणतीही चौकट एकदा बसविली की काम संपले, असे नाही. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीसही सुरक्षाविषयक दुरुस्त्या साधारण तीन वर्षेच मिळतात. पुढे नवी आवृत्ती न घेतल्यास संकेतस्थळ वरकरणी चालत राहते, पण उघडकीस आलेली छिद्रे बुजत नाहीत.

निवड करताना

या तिन्ही चौकटी विनामूल्य असून त्यांची मूळ आज्ञावली कोणासही पाहता येते. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात अशा मुक्त प्रणालींचा अवलंब करण्याचे धोरण जाहीर केले आहे. पण खरेदीस पैसे पडत नाहीत म्हणजे देखभालीसही पडत नाहीत, असे समजणे चुकीचे ठरेल.

म्हणून संकेतस्थळ करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने वा शिक्षकाने तीन गोष्टी आधी लेखी विचारून घ्याव्यात: कोणती चौकट व कोणती आवृत्ती वापरली, पुढील दुरुस्त्या कोण करणार, आणि करणारा निघून गेल्यास मूळ आज्ञावली कोणाच्या ताब्यात राहणार. नागरिकाकडून कोणती माहिती मागावी आणि कोणती मागू नये, हा निर्णय मात्र चौकट घेत नाही. तो माणसानेच विचारपूर्वक घ्यावयाचा असतो.