अनुग्रह नव्हे, हक्क

(बुलढाणा येथे एका मित्राच्या स्मृतिसभेत केलेले भाषण)



ज्याच्या स्मरणासाठी आपण येथे जमलो आहोत, त्याला आपल्यापैकी बहुतेकजण ‘कॅप्टन’ म्हणत. वस्तुतः तो कधीच कॅप्टन झाला नाही. सरकारच्या लेखी तो माजी सैनिकही नव्हता. त्याचे नाव मी घेत नाही. व्यासपीठावरून आपल्या नावाचा उच्चार झालेला त्याला कधी खपला नाही.

१९७७ साली लष्करी प्रबोधिनीत निवड होऊन आम्ही दोघे मलकापूर स्टेशनवर एकाच गाडीत बसलो. तो चिखली तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, मी शाळामास्तरांचा. तेथे मला सर्वांत मोठी भीती पाण्याची. पोहताना माझा दम संपत आला की तो शेजारून हळूच म्हणे, “मास्तर, आणखी चार हात!” मी तरलो तो त्या शब्दांवर.

ते जीवन मला मानवले नाही. दुसऱ्या वर्षी मी स्वेच्छेने परतलो आणि अर्थशास्त्राकडे वळलो. तो राहिला. काही महिन्यांनी घोडेस्वारी शिकताना तो पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे झाले. इस्पितळातील दीर्घ मुक्कामानंतर ‘वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ असा शेरा घेऊन तो गावी आला, तेव्हा त्याचे वय होते वीस वर्षे.

साथींनो, प्रबोधिनीत मुलगा पाठविताना पालकांना एका प्रमाणपत्रावर सही करावी लागते. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली तर सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, याची जाणीव असल्याचे त्यात लिहून द्यावे लागते. त्याच्या वडिलांनीही सही केली. मुलगा साहेब होणार या आनंदात कोणता बाप अटी वाचत बसेल? आणि वाचल्या तरी काय? पाच एकरांचा धनी आणि भारत सरकार हे काही समबल पक्ष नव्हेत. अशा दोघांमधील करार कागदावर ऐच्छिक असतो, व्यवहारात तो लादलेलाच असतो.

आता याच्याशेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलाला शिकताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर पडते. कामगार चळवळीने रुजविलेले तत्त्व साधे आहे: ज्याच्यासाठी जोखीम पत्करली, त्याने तिचा भार उचलावा. खासगी मालकाला लागू केलेले हे तत्त्व सरकारने स्वतःच्या छात्रांना मात्र लागू केले नाही. खांद्यावर तारे लागण्यापूर्वी जायबंदी झालेल्या छात्राला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. पुढे अशा छात्रांना दरमहा काही रक्कम देण्याची व्यवस्था झाली, पण तिचे नाव ‘सानुग्रह’! जे द्यायला हवे ते कृपा म्हणून दिले, की घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते.

त्याने मान खाली घातली नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर बसून त्याने गावातल्या दोन पिढ्यांना गणित शिकविले, कापसाच्या चुकाऱ्यांचे हिशेब तपासले, निराधार योजनेचे अर्ज लिहिले. शेकडो लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी दोनच अर्ज केले. त्यांना उत्तर आले नाही.

आमचे वादही होत. संरक्षणखर्चावर मी तावातावाने बोलू लागलो की तो शांतपणे म्हणे, “मास्तर, खर्चावर जरूर बोल, पण खर्ची पडलेल्या माणसांवरही बोल.” मी तीस वर्षे कल्याणाचे अर्थशास्त्र शिकविले आणि या विषयावर एक ओळ लिहिली नाही. त्याची कबुली आज सर्वांसमक्ष देतो.

२०२४ च्या पावसाळ्यात तो गेला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून सुमारे ५०० छात्र असे घरी पाठविले गेले, ही माहिती तेव्हा वृत्तपत्रांतून पुढे आली. त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय केला. पाठीच्या जखमांवर उपचारासाठी ज्याने दीड एकर विकले, त्याला तो वर्षभर उशिरा पोहोचला. आणि उपचार म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे, दर्जाही नव्हे.

हा जिल्हा जिजाऊंचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे मलकापूरचा आणि चोरपांगऱ्याचा असे आपले दोन जवान गेले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. ते योग्यच होते. परंतु जो सैनिक होण्यापूर्वीच मोडून परत येतो, त्याच्या दारात कोणी जात नाही. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलीही जात आहेत. उद्या आपल्याच गावातील एखादी आई त्या कागदावर सही करील.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या शाखांनी गावोगाव ठराव करावेत: ते प्रमाणपत्र रद्द व्हावे, प्रशिक्षणातील इजा ही सेवेतील इजा मानली जावी आणि सानुग्रह रकमेच्या जागी हक्काचे निवृत्तिवेतन यावे. काम लांबचे आहे, दम लागेल. तेव्हा त्याचेच शब्द आठवावेत: आणखी चार हात!