खोलीतील कज्जा

१९०१ साली शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उघडले, तेथपासून पुण्यापर्यंतच्या कोणत्याही वसतिगृहात रेक्टरसाहेबांपुढे येणारी फिर्याद बहुधा एकाच मासल्याची: एकाला रात्री अभ्यासासाठी दिवा हवा, दुसऱ्याला झोपेसाठी अंधार, बिनपरवाना मुक्कामास असलेला ‘पॅरासाइट’ तर निराळाच! अशा वेळी मध्यस्थाने तत्काळ निवाडा न देता उभयतांची कैफियत प्रथम स्वतंत्रपणे ऐकावी, ‘तो स्वार्थीच आहे’ यासारख्या स्वभावनिंदेतून ‘अकरानंतर दिवा जळतो’ ही नेमकी तक्रार वेगळी काढावी, आणि मग दोघांना समोरासमोर बसवून वेळांचा करारनामा त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावा. पंधरवड्याने त्याची फेरतपासणी अवश्य करावी. तोवर दिव्याचा तंटा बहुधा खुंटीवरच्या ओल्या टॉवेलावर गेलेला असतो.