निळी फाईल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या कपाटात कवितांच्या वह्यांशेजारी एक निळी प्लॅस्टिकची फाईल आहे. तिच्यावर माझ्या भाच्याच्या अक्षरात ‘मालदीव’ असं लिहिलंय. आत लशीची प्रमाणपत्रं, आरटी-पीसीआरचे अहवाल, पासपोर्टच्या झेरॉक्स, रद्द झालेलं एक तिकीट आणि डॉक्टरांनी सही केलेले दोन कागद. दोन माणसांना पाण्यात डोकं बुडवून मासे बघता यावेत म्हणून जमवलेला हा दफ्तरखाना. श्रोतेहो, आज या फाईलची हकीकत सांगतो.

माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, लग्न होऊन कुर्ल्याला गेली. तिचा मुलगा मात्र शाळेपासून आमच्याकडे मालवणात वाढला. इथे स्कूबा डायव्हिंग सुरू झालं तसा तो त्या धंद्यात शिरला. दांडीच्या किनाऱ्यावरून होडी निघते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ जागी थांबते. पुण्या-कोल्हापूरच्या घाबरलेल्या पाहुण्यांच्या पाठीवर सिलिंडर बांधून, त्यांचा हात धरून हा त्यांना खाली नेतो. १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालेला हा किनारा. त्याच्या पोटात प्रवाळ आहे, मासे आहेत, हे मला भाच्यामुळे कळलं. मी तीस वर्षं दर्यावर कविता लिहिल्या, पण नाकात पाणी जाईल म्हणून कधी डोकं बुडवलं नव्हतं.

भाच्याची एक इच्छा होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात धरले. एकदा पाहुणा म्हणून जायचं, दुसऱ्या कुणीतरी आपला सिलिंडर उचलायचा आणि आपण नुसतं बघायचं. त्यासाठी त्याने मालदीव निवडलं होतं आणि सोबत मला. म्हणाला, “मामू, तुमी नुसती वही आणा. बाकीचा सगळा मी बघतंय.”

हे ठरलं २०२१च्या सुरुवातीला. मालदीवने १५ जुलै २०२० पासूनच पर्यटकांना दार उघडलं होतं; त्या देशाची चूल पर्यटनावर पेटते, त्यांना फार काळ बंद राहून परवडणारं नव्हतं. आपल्याकडून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, पण ‘एअर बबल’ नावाच्या करारातून काही देशांत जाता येत होतं आणि मालदीव त्यांत होता. अटी ऐकायला सोप्या. निघण्यापूर्वी ९६ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह अहवाल, राहण्याची पक्की नोंदणी, आणि निघायच्या आदल्या चोवीस तासांत इंटरनेटवर भरायचा आरोग्याचा फॉर्म. आम्ही रमजान ईदनंतरचं तिकीट काढलं. राहायचं माफुशी बेटावरच्या एका साध्या गेस्टहाऊसमध्ये, कारण एकेका बेटावरचं स्वतंत्र आलिशान रिसॉर्ट आमच्या खिशाबाहेरचं.

मग आपल्याकडे दुसरी लाट उसळली. २७ एप्रिलपासून मालदीवने भारतीयांना लोकवस्तीच्या बेटांवर मुक्काम बंद केला. रिसॉर्ट चालू, गेस्टहाऊस बंद. थोडक्यात महाग ते उघडं, स्वस्त ते बंद. १३ मेपासून तर दक्षिण आशियातल्या पर्यटकांना व्हिसाच बंद. त्याच १३ मेला आपल्या सरकारने कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. म्हणजे एकाच दिवशी तिकडचं दार मिटलं आणि माझा दुसरा डोसही लांबला. दुसऱ्या दिवशी ईद. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ मेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड पडले, छपरं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. भाच्याची भागीतली होडी खडकावर आपटून फुटली. मालदीवसाठी साठवलेले पैसे होडीच्या दुरुस्तीत गेले. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. फाईल मात्र त्याने फेकली नाही.

आता मला थोडं मागे जायला हवं. प्रवेशाच्या अटी फक्त परदेशांनीच घातल्या असं नाही, आम्हीही घातल्या होत्या.

मे २०२० मध्ये मुंबईहून माणसं कोकणात परतू लागली. ई-पास, खारेपाटणच्या नाक्यावरची तपासणी, हातावर शिक्का, शाळेत चौदा दिवस. ‘कोरंटाइन’ हा शब्द आमच्या म्हाताऱ्या बायाही ‘उपास’ म्हणावा तशा सहज बोलू लागल्या. पुढे त्या वर्षी गणपतीला १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांना दहा दिवसांचं विलगीकरण आणि त्यानंतर येणाऱ्यांना चाचणी, असा नियम झाला, तेव्हा चाकरमान्यांनी बोटांवर तिथी आणि तास मोजले. पण मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. आपा कुर्ल्याच्या एका खोलीत एकटी होती, शेजारच्या चाळीत रुग्ण सापडलेले. भाचा पास काढून गाडी घेऊन गेला आणि तिला घेऊन आला. गावाच्या समितीत मीही होतो. चार शिकलेली माणसं हवीत म्हणून मला घेतलं होतं, बी.ए. झाल्याचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

गाडी शाळेपाशी थांबली. मी गडग्याच्या अलीकडे, तोंडाला रुमाल बांधून. सगळे बघत होते. माझ्याच घरचं माणूस म्हणून मी सवलत देतो की काय, हे त्यांच्या नजरेत होतं. ते मला दिसलं आणि मी मोठ्या आवाजात भाच्याला म्हटलं, “कागद दाखव.” त्याने दाखवला. मी लांबूनच वाचला, पुन्हा वाचला, तारीख विचारली. सगळं बरोबर होतं. तरीही मी आपाला ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही, ते राहूनच गेलं. चौदा दिवस ती दोघं वर्गखोलीत राहिली. २५ मेची ईद त्यांची तिथेच झाली. मी शीरखुर्म्याचा डबा गडग्यावर ठेवला आणि मागे सरलो, मग भाच्याने येऊन तो उचलला. नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण आवाज एवढा मोठा करायची गरज नव्हती.

आमच्या घरात विलगीकरणाची आठवण त्याहून जुनी आहे. आजोबांचे वडील मुंबईहून बोटीने हजला गेले होते. त्या काळी हिंदुस्थानातून निघालेल्या हज यात्रेकरूंच्या बोटी तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर थांबवत. तुर्कांनी १८८२ साली तिथे विलगीकरणाचं ठाणं उघडलं होतं. कारण पटकीचं, पुढे प्लेगचंही. यात्रेकरूंना उतरवून आंघोळ घालायची, कपडे वाफेत टाकायचे, काही दिवस ठेवून घ्यायचं, आणि त्याचे पैसेही त्यांच्याकडूनच घ्यायचे. आजी सांगायची, की त्यांची चामड्याची चप्पल वाफेतून निघाली ती लहान मुलाच्या मापाची होऊन, आणि पुढचा रस्ता त्यांनी उधारीच्या चपलेवर काढला. मक्का बघितली याच्याइतकंच त्या चपलेचं कौतुक घरात होत असे. आणि आपल्याकडे २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू झाला, तोही १८९७चा, मुंबईच्या प्लेगमधून निघालेला. रोग नवा असला तरी दारावरचा शिपाई जुनाच होता म्हणायचा.

असो. मालदीवने १५ जुलै २०२१ पासून आपल्याला पुन्हा घ्यायला सुरुवात केली. पण पावसाळ्यात भाच्याकडे पैसा नव्हता. तो हंगाम भरून काढेपर्यंत मी फाईलमधली प्रमाणपत्रं नीट करायला घेतली. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. आधारवर वडील गायब. लशीचं प्रमाणपत्र निघालं ते आधारप्रमाणे. विमानाच्या खिडकीवर हे तिघे वेगळे इसम ठरणार. कोविन संकेतस्थळावर जून २०२१ पासून पासपोर्ट क्रमांक जोडायची आणि नाव दुरुस्त करायची सोय झाली होती, पण दुरुस्ती एकदाच. एका ओळीवर सतरा वेळा हात फिरवणाऱ्या माणसाला ही अट म्हणजे शिक्षाच. मी तीन दिवस स्पेलिंग तपासत बसलो. तसे या भानगडीत माझ्यासारखे पुष्कळ सापडले होते. ब्रिटनने सप्टेंबरमध्ये कोविशील्ड मान्य केली, पण आपलं प्रमाणपत्र मान्य करायला ११ ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात आपल्या प्रमाणपत्रावर वयाच्या जागी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय करावी लागली. लस चालते, पण कागद चालत नाही! दंडात गेलेल्या औषधापेक्षा वर्षाच्या आकड्याला वजन जास्त.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकीट पुन्हा काढलं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबरमध्येच सुरू झाला होता, पण आम्ही कुडाळहून रात्रीची गाडी धरली. खर्च बघून चालावं लागतं. नमुना मुंबईत द्यायचा ठरवला, म्हणजे ९६ तासांतली गाडीतली रात्र वाया जायला नको. मासळीबाजारात पापलेटाचे डोळे बघून ताजेपणा ओळखतात. इथे माणसाचा ताजेपणा अहवालावरच्या वेळेवरून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल आले. मी निगेटिव्ह, भाचा पॉझिटिव्ह.

जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत त्याला दोन दिवस ताप येऊन गेला होता. घरोघरी तेच चाललं होतं, म्हणून चाचणी केली नव्हती. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, माणूस बरा झाला, दुसऱ्याला लागण करण्याची मुदत संपली, तरी या चाचणीत विषाणूचे अवशेष काही आठवडे दिसू शकतात. चाचणी खोटं बोलत नाही, पण ते आजचं की महिन्यामागचं, हे ती सांगत नाही. विमानाच्या खिडकीला हे समजावून सांगायची सोय नव्हती. भाचा म्हणाला, “मामू, तुमी जावा. तुमचो कागद चांगलो आसा.” मी, ज्याला पोहताही येत नाही, तो एकटा जाऊन तिथे काय करणार? आपाच्या खोलीत तो सात दिवस पडद्याआड राहिला. मी दारात जेवण ठेवायचो. या वेळी मागे सरलो नाही, तोंडावर मास्क लावून उंबऱ्यावर बसून बोलत राहायचो. तो बहुतेक वेळ मोबाइलवर मालदीवचे मासे बघायचा.

आणि मग गंमत बघा. ५ मार्च २०२२ पासून मालदीवने चाचणीची अटच काढून टाकली. आमच्या त्या पॉझिटिव्ह अहवालाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. विमान कंपनीने भुर्दंड घेऊन तारीख बदलून दिली आणि रमजानच्या आधी, मार्चमध्येच, आम्ही निघालो. फाईल मी छातीशी धरून नेली. मालवण ते मुंबई अख्खी रात्र, मुंबई ते माले तीन तासांच्या आत. मालेच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला, संगणकात बघितलं, शिक्का मारला. मी फाईल उघडायला लागलो, तर त्याने हातानेच ‘पुढे चला’ सांगितलं. एवढा मेहनतीने नीट केलेला मजकूर, आणि वाचायला कुणी नाही! कवीला हा अनुभव नवा नाही.

कागद मागितला तो माफुशीच्या डायव्हिंगवाल्याने. डायव्हिंगला उतरण्याआधी प्रकृतीची एक प्रश्नावली भरतात. साथीच्या काळात तिच्यात कोविड होऊन गेला का, हा प्रश्नही आला. ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागायची, कारण फुप्फुसात दोष राहिला असेल तर दाबाखाली जीवावर बेतू शकतं. भाच्याने सही घेऊन ठेवली होती. माझं वय आणि रक्तदाब म्हणून माझ्यासाठीही. मालवणात तो हाच फॉर्म पाहुण्यांना देतो तेव्हा बहुतेक जण न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहितात आणि ‘लवकर चला’ म्हणतात. सगळ्या फाईलमध्ये माझ्या छातीची विचारपूस करणारे दोनच कागद निघाले, आणि मला त्यांचाच आदर वाटतो.

पहिले दोन दिवस भाचा पट्टीच्या डायव्हरांबरोबर खोल गेला. पाहुणा होणं काही त्याला जमलं नाही. होडीत बसल्याबसल्या दुसऱ्यांचे पट्टे तपासायचा, कुणाचा सिलिंडर कलंडतोय का बघायचा. तिथल्या माणसाने हसत त्याला बाजूला बसवलं. पण वर येताना त्याचा चेहरा मी बघितला. कासव, मोठा वाघळी मासा, असं काहीबाही तो सांगत होता, आणि वाक्यं पुरी होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी. उथळ पाणी, पाच-सहा मीटर. तिथला प्रशिक्षक एका बाजूला, भाचा दुसऱ्या बाजूला. मला सगळं बांधून शिडीवर उभं केलं. पाय लटपटत होते. भाचा आधीच पाण्यात होता. त्याने हात वर केला आणि डोळे बारीक करून, मोठ्या आवाजात, अगदी समितीच्या माणसासारखं म्हणाला, “मामू, कागद दाखवा.”

माझ्या तोंडात हवेची नळी होती, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. मी त्याचा हात धरला.