लुदोव्हिकोचें हार्प



वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहांतून मैफल ऐकून घरीं परतणाऱ्या रसिकाच्या डोळ्यांपुढें ‘स्पॅनिश गिटार’ म्हणतांच चित्रपटगीतांतली सहा तारांची गिटार उभी राहते. स्पेनच्या जुन्या संगीताच्या मैफलींत मात्र तिची वाट पाहणाऱ्याची निराशाच व्हावयाची. सोळाव्या शतकांतील गिटार लहानखुरी, आंतड्याच्या तांतींचे चार संच असलेली. दरबारीं मान होता तो तिच्या थोरल्या बहिणीला, सहा संचांच्या विहुएलेला; आणि हार्पला.

हार्पमध्यें, आपल्या स्वरमंडळांतल्याप्रमाणें, प्रत्येक सुराची तार वेगळी. हेंच त्याचें वैगुण्यहि. लावलेल्या सप्तकाबाहेरचा कोमल वा तीव्र सूर ऐन वेळीं आणावयाचा कोठून? राजा फर्डिनांड याच्या पदरीं लुदोव्हिको नांवाचा वादक होता. तो तारेच्या टोकाशीं बोट दाबून सूर अर्ध्या पायरीनें चढवी, असें बेर्मुदो या ग्रंथकारानें १५५५ मध्यें नमूद केलें आहे. लुदोव्हिकोच्या स्वतःच्या वादनाचें एकहि स्वरलेखन मागें राहिलेलें नाहीं.

राहिली आहे ती त्याची नक्कल. राजा १५१६ मध्यें वारला. त्यानंतर तीस वर्षांनीं आलोन्सो मुदारा यानें सेव्हिल येथें आपला ग्रंथ छापला, आणि त्यांत विहुएलेवर लुदोव्हिकोचें हार्प वठविणारी एक रचना घातली. लागोपाठचे सूर निरनिराळ्या तारांवर घेतल्यानें एक विरण्यापूर्वींच दुसरा उमटतो व हार्पचा झणत्कार होतो. पुढें पुढें तर सूर एकमेकांस चक्क खटकतात. तेथें मुदारानें वाचकाला आधींच बजावून ठेविलें आहे कीं, कांहीं सूर चुकल्यासारखे वाटतील, पण नीट वाजविल्यास वाईट लागणार नाहींत. मुरलेल्या गुरूलाच असें लिहिण्याचा धीर होतो!

या ग्रंथांतील लिपि आंकड्यांची आहे. आडव्या रेषा म्हणजे तारा, आंकडे म्हणजे पडदे. बोट कोठें ठेवावें हें ती अचूक सांगते. जोर किती द्यावा, हें सांगत नाहीं. चिजा कागदावर उतरविण्यास नाखूष असलेले आपल्याकडील गवई ह्याच उणिवेकडे बोट दाखवीत. तथापि भातखंडे यांनीं शेंकडों चिजा क्रमिक पुस्तकांत घातल्या नसत्या, तर त्यांपैकीं कित्येकींचा लुदोव्हिको झाला असता.

पुढें हार्पला तारांची दुसरी, पहिलीला छेदणारी ओळ आली आणि हवा तो सूर मिळूं लागला. १६७७ मध्यें रुईस दे रिबायास यानें गिटार व हार्प या दोहोंसाठीं मिळून एकच ग्रंथ माद्रिद येथें काढला. बोटाच्या त्या करामतीची मग कोणाला गरज उरली नाहीं. मैफलींत मुदाराची रचना जेमतेम दोन-अडीच मिनिटें चालते. खटकणारे सूर येतात ते तिच्या शेवटच्या भागांत.