सात तारखेचा पगार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्यासाठी मी आजवर कधी उभी राहिलेली नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाईंना मी हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "घरात घडले तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. काही चुकले तर सांभाळून घ्या.

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात १६ वर्षे नोकरीस होते. हाताखाली २० माणसे, आणि दर महिन्याच्या सात तारखेस पगार. त्या सात तारखेवर माझा सगळा संसार उभा होता. वाणी, दूधवाला, मुलाची फी, सगळ्यांना मी "सात तारखेनंतर या" म्हणत असे आणि तेही निश्चिंत असत. नाशकात आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता, दोघांच्या नावावर. रविवारी हे इकडे मळ्यावर येत.

सरकारने २००१ साली द्राक्षांपासून वाइन करण्याच्या धंद्यासाठी धोरण काढले. करात सवलत दिली. आपल्या विंचूरला आणि तिकडे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ते शिरले. राजीव सामंतांचे उदाहरण तर तोंडपाठ. अमेरिकेत ओरॅकलसारख्या कंपनीतली नोकरी सोडून ते नाशकात आले आणि २००० साली त्यांची सुला वाइन बाजारात आली. मी म्हणे, "अहो, त्यांची गोष्ट वेगळी, आपल्या घरी सात तारीख आहे." पण २००५ साली चार एकरांत शिराझ आणि शेनिन ब्लांकची लागवड झाली, आणि पुढच्या वर्षी ह्यांनी राजीनामा दिला. मला आदल्या रात्री सांगितले.

द्राक्षे काय ती तुम्हांला मी सांगावीत असे नाही, आपण सगळ्या छाटणी-डिपिंगमध्येच वाढलो. पण वाइनची द्राक्षे पाहून मला रडू यायचे बाकी राहिले होते. बारीक मणी, जाड साल, आत बिया. थॉम्सनच्या बागेत असा माल आला असता तर व्यापारी बांधावरूनच परतला असता. हे म्हणत, रंग आणि चव सालीतच असते. पुढे मला ते पटले. तांबड्या वाइनचा रस सालीसकट आंबवतात. साले फुगून वर येतात, ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावी लागतात. पांढरीसाठी मात्र रस आधीच वेगळा काढतात आणि तो थंड ठेवावा लागतो, १५ अंशांच्या आसपास. विरजण लावणारीला यात नवे असे फार नाही. विरजणाला उबारा लागतो, याला गारवा, एवढाच फरक! पण त्या काळी भारनियमन असे. वीज गेली की ह्यांचा जीव टाक्यांत आणि माझा डिझेलच्या बिलात.

पार्कात भूखंड घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून मळ्यातच शेड बांधली. बँकेचे कर्ज घ्यायचे होते. एके दिवशी हे कागद घेऊन आले, "इथे सही कर" म्हणाले, आणि मी केली. भाकरी तव्यावर होती. मी काय लिहून दिले ते वाचलेसुद्धा नाही. वाचता येत नव्हते असे नाही. सातवी म्हणजे काही अंगठा नव्हे. पण वाचावे असे वाटलेच नाही.

२००८ च्या माघात पहिला गाळप झाला. ३० टन द्राक्षे, त्यांतली काही शेजाऱ्यांची. वाइन निघाली १९ हजार लिटरच्या वर, म्हणजे २६ हजार बाटल्यांचा माल. ह्यांना कोण आनंद! सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या जेवणाचा डबा घेऊन शेडच्या दारापर्यंत यायच्या, उंबरा कधी ओलांडला नाही. रागावल्याही नाहीत. डबा ठेवून जायच्या.

त्याच वर्षी जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. माल उठेना. नाशकातल्या कितीतरी वायनऱ्या बंद पडल्या, शेतकऱ्यांची द्राक्षे कोणी घेईना, बागा तोडल्या गेल्या. आमच्याकडे २००९ चा हंगाम आला तेव्हा आदल्या वर्षीच्याच टाक्या भरलेल्या. गडी कमी केले. त्यात एक टाकी अर्धी रिकामी झाली आणि तशीच राहिली. आत हवा शिरली. वास मला आधी आला, शिरक्यासारखा. मी सांगितले तर हे म्हणाले, "तुला काय कळते त्यातले?" चार दिवसांनी त्यांनाही आला. हजार-दीड हजार लिटर ओतून द्यावी लागली, तीही खात्याची परवानगी काढून.

मग बँकेची नोटीस आली. तीवर माझेही नाव होते. त्या दिवशी मला कळले की मी सही कशावर केली होती. ब्लॉक गहाण होता. भगिनींनो, मी भांडले नाही असे म्हटले तर खोटे होईल. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलाची वही घेतली, ह्यांना समोर बसवले आणि म्हटले, "आता सगळा हिशेब सांगा, मी लिहून घेते." कर्ज किती, व्याज किती, कोणाकडून येणे किती, दुकानदार पैसे किती महिन्यांनी देतात. दीड पान भरले. ह्यांनी स्वतःही ते कधी एका जागी मांडले नव्हते. त्या दीड पानावरून ठरले, ब्लॉक विकायचा, दोन एकर वाइनची बाग काढून पुन्हा थॉम्सन लावायची, आणि टाक्या रिकाम्या राहण्यापेक्षा मोठ्या वायनरीचा माल मजुरीवर करून द्यायचा. ब्लॉक विकताना मात्र मी खतातली ओळन् ओळ वाचली. तीन दिवस लागले. शेवटचा हप्ता २०१९ साली फिटला.

एक गोष्ट या मंडळातही घडली, ती टाळून चालणार नाही. २०१० साली गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आपण आडव्या बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा केल्या. मी सहीला पुढे झाले तेव्हा मागून कोणी म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी तर कारखानाच आहे की!" त्या आज इथे बसल्या असतील. मला राग नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तसे म्हणत नाही. तिच्यात शेकडा १२-१३ मद्य असते, लेबलावरच लिहिलेले असते. मी स्वतः चव घेते आणि थुंकते, परीक्षा तशीच करतात. त्या दिवशी मी सही केली आणि घरी आले. जेवले मात्र नाही. उत्तर मला अजूनही पुरते सापडलेले नाही.

आता आमचा मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या पगाराचीही ठरलेली तारीख आहे. गेल्या दिवाळीत म्हणाला, "नोकरी सोडतो, बाबांबरोबर काम करतो, नवीन टाक्या घेऊ." बाप खुलला. मी उठून ती जुनी वही काढली आणि सूनबाईच्या हातात दिली. तिने रात्री बसून ती वाचली आणि सकाळी दोघांना तीन प्रश्न विचारले. दोन्ही बाप-लेक अजून उत्तरे जुळवत आहेत.