मोटर सगळ्यात शेवटी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी व पालकांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत सुगम संगीत झालं, पाककृती स्पर्धा झाली, मधुमेहावर डॉक्टरांचं भाषण झालं. त्या रांगेत 'रिमोटच्या गाड्या' हा विषय कुणाला पोरकट वाटेल. पण गेल्या दिवाळीपासून आपल्या आवारात अशा गाड्या बऱ्याच फिरू लागल्या आहेत आणि त्यांच्यावर सरसकट बंदी घालावी असा ठराव येत्या वार्षिक सभेत येणार आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी दोन्ही बाजूंचा माणूस. उभी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. आणि आता वय असं की संध्याकाळी त्याच पार्किंगमधून मी काठी घेऊन चालतो.

तर मुलांनो, पहिला प्रश्न. तुमची गाडी खेळण्याच्या दुकानातली आहे की छंदाची? फरक सोपा आहे. स्टिअरिंग थोडंसं फिरवलं तर चाकं थोडीशीच वळतात का? की नुसतंच पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे? दुसऱ्या प्रकारची असेल तर बहुतेक ते खेळणं. त्यात रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा भाग आणि स्टिअरिंगचं सर्किट असं सगळं एकाच छोट्या बोर्डावर असतं. तिला जास्त व्होल्टची बॅटरी जोडली की आधी ते बोर्ड जळतं. तिच्यावर पैसे घालू नका. आहे तशी चालवा, मोडली की उघडून आत काय आहे ते बघा. पालकांनाही सांगतो, तेच पैसे साठवून पुढची गाडी घ्या.

छंदाच्या गाडीत हे भाग सुटे असतात आणि एकेक बदलता येतात. उदाहरणासाठी मी ही गाडी आणली आहे. तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२, खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची. चारही चाकांना मधल्या एका दांड्यावरून ताकद जाते. किटमध्ये सुटे भाग येतात, जोडायचं आपण. नवशिक्यासाठी म्हणूनच केलेली आहे, त्यामुळे किंमत आवाक्यात ठेवायला कंपनीने काही ठिकाणी काटकसर केली आहे. सुधारणा करायची ती तिथे.

प्रत्येक मुलाला पहिल्यांदा काय हवं असतं? मोटर! मागच्या महिन्यात तिघांनी मला विचारलं, काका, ब्रशलेस टाकू का? टाका, पण सगळ्यात शेवटी.

आधी पाना. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. जपानी गाडीचे चौफुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण खाच थोडी वेगळी असते. त्यासाठी जेआयएस म्हणून ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघता निघत नाही. दुसरी गोष्ट, हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडत जातात. काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. 'टक्' असं हलकं जाणवलं की जुन्या आट्यात बसला, मग सुलटा पिळा. तसाच दाबून पिळला तर नवे आटे पडतात, आणि दोन-चार वेळा असं झालं की भोकच ढिलं. कारखान्यात नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवत असे.

मग बेअरिंग. किटमध्ये चाकांच्या ठिकाणी प्लॅस्टिकच्या बुश येतात. त्यांच्या जागी छऱ्यांची बेअरिंगं घाला. माप ११५०, म्हणजे बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५ आणि जाडी ४. चार चाकांतच आठ लागतात, शिवाय गिअरबॉक्समध्ये. मोटरच्या मानाने खर्च किरकोळ. फायदा मात्र तिहेरी: गाडी हलकी पळते, बॅटरी जास्त वेळ पुरते आणि आपल्याकडच्या धुळीत बुश झिजून चाक डुगडुगायला लागतं ते थांबतं. बदलण्याआधी चाक बोटाने फिरवून किती वेळ फिरतं ते मोजा, बदलल्यावर पुन्हा मोजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पावसात गाडी भिजली तर मात्र बेअरिंगला गंज चढतो, तेव्हा त्याच दिवशी पुसून पातळ तेलाचा एक थेंब.

पुढे डँपर. टीटी-०२ च्या साध्या किटमध्ये तेलाचे डँपर नसतात, नुसती स्प्रिंग आणि घर्षण. आपल्या पेव्हर ब्लॉकवर ही गाडी बेडकासारखी उड्या मारते, आणि चाक जमिनीवर नसेल तेव्हा स्टिअरिंग काय कामाचं? तेलाचे डँपर घातले की चाक जमीन सोडत नाही. तेल भरताना दांडा हळूहळू वर-खाली करून बुडबुडे काढायचे. इथे घाई करू नका, एका डँपरला दहा मिनिटं गेली तरी चालतील. टायर गुळगुळीत असतील तर नक्षीवाले घ्या. गाडी खाली घासत असेल तर स्प्रिंगवर स्पेसर घालून थोडी उचला.

आता स्टिअरिंग. सर्व्होला धक्का बसू नये म्हणून मध्ये सर्व्हो सेव्हर असतो. किटमधला मऊ असतो, त्यामुळे वेगात चाक पुरतं वळत नाही आणि सरळही पूर्ण येत नाही. चांगला घट्ट सेव्हर घातला की गाडी सांगाल तिथे जाते. ज्यांना घोट्यांची काळजी आहे त्यांनी हे जरूर ऐकावं, कारण वळणारी आणि थांबणारी गाडी कुणाला लागत नाही.

आणि आता मोटर. गणित करू या, सुट्टी असली तरी! ब्रशलेस मोटरवर समजा ३००० केव्ही लिहिलं आहे. म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे २२,२०० फेरे. या गाडीत मूळ गिअरचं प्रमाण ८.२७, तेव्हा चाकाचे फेरे सुमारे २,६८४. टायरचा व्यास ६४ मिलिमीटर धरा, एका फेऱ्यात साधारण २० सेंटिमीटर. हिशेब येतो ताशी सुमारे ३२ किलोमीटर, सेकंदाला ९ मीटर. प्रत्यक्षात थोडा कमी भरेल.

हा वेग म्हणजे काय? एखादी वस्तू सव्वाचार मीटरवरून खाली पडली तर जमिनीला लागताना तिचा वेग साधारण एवढा असतो. दीड किलोची गाडी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणाच्या पायावर टाकायची का? वेग निम्मा केला तर ती उंची एक मीटर होते, टेबलापेक्षा थोडी जास्त. वेग दुप्पट, की मार चौपट. शिवाय समोर माणूस दिसून अंगठा हलेपर्यंत अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात गाडी साडेचार मीटर पुढे गेलेली असते. आपला रॅम्प संपून वळण येतं तिथे एवढी जागाच नाही. म्हणून ब्रशलेसचा वेग आवारात रिमोटवरून निम्म्यावर बांधा, पूर्ण वेग मोकळ्या मैदानावर.

मोटर बदललेली असो वा नसो, एक चाचणी प्रत्येकाने करायची. गाडी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, हळू फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर रिसीव्हरचं फेलसेफ लावून घ्या, तोवर गाडी खाली आणायची नाही. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

राहिली बॅटरी, आणि पालकांनो, इथे जरा सावरून बसा. गाडी पायाला लागेल, पण लिथियम पॉलिमर बॅटरी बिघडली तर घर पेटू शकतं. लहान मुलांना मी निकेल मेटल हायड्राइडचीच ७.२ व्होल्टची बॅटरी द्या म्हणेन. ती जड असते, जोर कमी देते, पण बरंच सोसते. लिथियम घ्यायचीच तर बॅलन्स चार्जर घ्या, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला थांबवणारा. चालवताना सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. नवशिक्यांच्या बऱ्याच गाड्यांत हे आपोआप थांबवण्याची सोय नसते, म्हणून बॅटरीला लावायचा छोटा अलार्म मिळतो, तो लावा. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला पाच अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नका. आठवडाभर वापरायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि सुक्या कचऱ्याच्या बादलीतही टाकायची नाही. आपला कचरा उचलणारा माणूस ती पायाखाली दाबतो. ती ई-कचऱ्यात द्या.

चार्जिंग कुठे? फरशीवर, आजूबाजूला पडदा, गादी, कागद नाही अशा जागी, मोठं माणूस जागं असताना. रात्री लावून झोपायचं नाही. जिन्यात नाही, मीटरच्या खोलीत तर मुळीच नाही. आपल्या जिन्यातले चपलांचे लाकडी रॅक हा वेगळा विषय आहे, त्यावर मी बोलत नाही, सेक्रेटरी माझ्याकडे बघतायत.

कमिटीला माझी विनंती अशी की बंदीच्या ठरावाला ही उपसूचना घ्यावी. मागच्या बाजूचा पाण्याच्या टाकीजवळचा चौक रविवारी सकाळी सात ते नऊ मोकळा ठेवावा, दोन्ही टोकांना दोऱ्या बांधाव्यात. गाडी तिथेच, बाकी वेळी आवारात नाही. फेलसेफची चाचणी मी स्वतः घेईन आणि पास झालेल्या गाडीच्या खाली स्टिकर लावीन. स्टिकर नसेल त्या गाडीला वॉचमनने परत पाठवावं, मग ती कुणाच्याही नातवाची असो. माझ्यासुद्धा.

आता ही टीटी-०२ मी उघडतो. चार बुश मुद्दाम ठेवल्या आहेत, त्या मुलांनी बदलायच्या. पुढच्या रांगेतल्यांनी हात पुसून या. स्क्रू या ताटलीत ठेवायचे, सतरंजीवर नाहीत.